‘नको’ म्हणायचा हक्क पुण्यातच वाटून घ्या

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर गुलमर्गचे फोटो यायला लागतात. गोंडोला म्हणजे तिथला रोपवे, पांढराशुभ्र अफरवट डोंगर, गुडघाभर भुसभुशीत बर्फात उमटलेल्या स्कीच्या नागमोडी रेघा. त्या रेघा बहुतेक वेळा दोरीच्या, म्हणजे राखलेल्या उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या, पलीकडच्या असतात, आणि दोरी काही फोटोत येत नाही. गोंडोलाचा दुसरा टप्पा काही मिनिटांत आपल्याला सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून समोरच्या वाडग्यासारख्या उतारावर स्की पेट्रोलची, म्हणजे उताराची सुरक्षितता बघणाऱ्या पथकाची, नजर असते. डाव्या-उजव्या बाजूला वळलात की पुढचा डोंगर कुणी तपासलेला नसतो.

८ फेब्रुवारी २०१० ला अफरवटच्या पायथ्याच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे सैन्याचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुदमध्ये पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीअर गेला. हे लिहिणं ज्यांना स्की बऱ्यापैकी जमतं आणि जे चार-सहा जण मिळून दोरीपलीकडे जायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी आहे. गुलमर्गच्या मैदानावर पहिल्यांदा स्की बांधणाऱ्यांनी यातलं काही मनाला लावून घेऊ नये.

आपल्याकडे डोंगर कोसळतो म्हणजे दरड कोसळते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड आली आणि १५१ माणसं गेली. दरड पावसाने सुटते, खाली झोपलेल्या माणसाचा तिच्यात काही हात नसतो. हिमस्खलनाचं बरोबर उलटं आहे. स्कीअर ज्यात सापडतात अशा दहांपैकी जवळपास नऊ हिमस्खलनं त्या स्कीअरने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी स्वतःच्या वजनाने सोडलेली असतात. डोंगरावर कोण, कधी, कुठून जाणार हे गट ठरवतो, म्हणून सुरक्षिततेचं मुख्य काम गटाच्या बोलण्यात होतं. ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी), फावडं हे त्या बोलण्यात चूक झाल्यावर लागतं. सामानाची यादी सगळे विचारतात, बोलायचं कसं हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून त्याबद्दल इथे जरा जास्त लिहिलं आहे.

आधी बर्फ समजून घेऊ. सगळ्यात घातक प्रकाराला स्लॅब म्हणतात आणि पुणेकराला स्लॅब समजावून सांगायला नको. वाऱ्याने किंवा स्वतःच्या वजनाने घट्ट जोडला गेलेला बर्फाचा थर म्हणजे स्लॅब. तिच्याखाली एक कच्चा थर आणि त्याखाली घसरायला गुळगुळीत पृष्ठभाग. घरी करून बघा. ताटात जाड साखर पसरा, वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. बराच वेळ काही होत नाही. मग फरशीवर बोटाने टिचकी मारा. ती टिचकी म्हणजे स्कीअर. खऱ्या उतारावर भेग कच्च्या थरातून डोळ्याचं पातं लवायच्या आत दूरवर पळते, म्हणून तुम्ही मध्ये उभे असता आणि स्लॅब तुमच्या डोक्याच्या वर पन्नास मीटरवर तुटते.

ही साखर बनते कशी? नोव्हेंबरमध्ये थोडा बर्फ पडतो आणि नंतर आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र राहतं. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा मात्र रात्री कडाक्याची थंड. समजा ४० सेंटीमीटर बर्फ आहे आणि त्याचा पृष्ठभाग उणे १२ वर आहे, तर दर १० सेंटीमीटरला ३ अंशांचा फरक पडला. हा फरक १ अंशाच्या वर गेला की खालची वाफ वर सरकत राहते आणि दाणे टोकदार, सुटे, साखरेसारखे होतात. मुठीत दाबा, गोळा होत नाही. तेच २ मीटर बर्फ असेल तर फरक १० सेंटीमीटरला ०.६ वर येतो आणि दाणे हळूहळू सांधायला लागतात. म्हणजे ‘यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोकाही कमी’ हे आपण सहज बोलतो ते चूक आहे. उथळ बर्फाच्या वर्षी पाया साखरेचा असतो. मग २१ डिसेंबरला काश्मिरात चिल्ले कलानचे चाळीस दिवस सुरू होतात, पश्चिमी चक्रावात एकामागून एक येतात आणि त्या साखरेवर फरश्या रचत जातात.

त्यात वारा. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या दुसऱ्या बाजूला रचू शकतो. हॉटेलच्या अंगणात २० सेंटीमीटर पडलेलं पाहून वर २०च असेल असं धरू नका. आडोशाच्या बाजूला मीटरभर असू शकतं, आणि नेमका तोच बर्फ गुबगुबीत, मोहात पाडणारा दिसतो.

आता उताराचा कोन. स्लॅब प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांत सुटते आणि ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त. ३० च्या खाली क्वचित, फार तीव्र उतारावर बर्फ साठतच नाही. गोची अशी की स्कीला मजा येते तीही ३० ते ४० मध्येच. डोळ्याने कोन ओळखता येतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा मोजून बघावं, हमखास चुकतो. फोनमध्ये कोन मोजणारं अ‍ॅप असतं, पण थंडीत फोन बंद पडतो. त्यापेक्षा दोन स्की पोल पुरतात. एक पोल उतारावर सरळ उभा धरा, दुसरा आडवा, पाणसळ लावल्यासारखा. आडव्या पोलवर १०० सेंटीमीटरला चिकटपट्टी लावा आणि उभ्या पोलवर टोकापासून ५८, ७०, ७८ आणि ८४ सेंटीमीटरला खुणा करा. आडव्या पोलची खूण उताराला टेकलेली असताना त्याचं दुसरं टोक उभ्या पोलला ५८ वर छेदत असेल तर उतार ३० अंशांचा, ७० वर ३५ चा, ७८ वर ३८ चा, ८४ वर ४० चा. पुण्यात बर्फ नसला तरी उतारांना तोटा नाही. सिंहगडाच्या वाटेवर, वेताळ टेकडीच्या कडेला आधी अंदाज बोलायचा, मग मोजायचं. दोन-तीन रविवारांत नजर बसते.

आणि तुम्ही उभे आहात तेवढाच उतार मोजून भागत नाही. डोक्यावर ३५ अंशांचा डोंगर असेल तर पायाखालची सपाट जागाही त्याच्याच पदरात आहे. कच्चा थर असेल तर सपाटीवरून चालताना वरचा उतार सुटल्याची उदाहरणं आहेत. खिलनमर्गचं कुरण अफरवटच्या पायथ्याला आहे, ते उगीच दोनदा वर आलेलं नाही.

आता बोलण्याकडे येऊ.

पुण्याहून निघालेल्या गटाचा विचार करा. सुट्टी मोजून सात दिवसांची, परतीची तिकिटं काढलेली, त्यातले तीन दिवस हिमवृष्टीत हॉटेलवर गेलेले. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. ग्रुपमधले एक दादा दहा वर्षं हिमालयात जाताहेत, बाकीचे त्यांच्यामागे. एकाच्या पोटात गोळा आलेला असतो, पण ‘दादा म्हणताहेत ना’ म्हणून तो गप्प बसतो. दुसऱ्याला वाटतं, बाकी कुणी काही बोलत नाही म्हणजे ठीकच असेल. पाच माणसं, पाचही जणांना शंका, आणि तरी गट उतारावर. हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना हेच नमुने पुन्हा पुन्हा सापडले आहेत: ओळखीची जागा, जाणत्यावर भार, आधी ठरवलेल्या बेताला चिकटून राहणं, ताज्या बर्फाची हाव, दुसऱ्यांच्या रेघा बघून आलेला धीर. आपल्याकडे त्यात वयाचा मान मिसळतो. टेकडीवर हा मान शोभतो, ३८ अंशांच्या उतारावर तो महाग पडतो.

यावर चार गोष्टी ठरवाव्यात, आणि त्या पुण्यात चहा पिताना ठरवाव्यात. उतारावर उभं राहून नियम होत नाहीत.

एक, कुणा एकाचं ‘नको’ पुरेसं. मतदान नाही, समजूत काढणं नाही. ‘दादा, मला हे नको वाटतंय’ एवढं वाक्य आलं की गट तो उतार सोडतो. दुसरी, त्याला जागेवर कारण विचारायचं नाही. कारण संध्याकाळी कहवा पिताना विचारायचं, आणि तेही शिकण्यासाठी. जागेवर कारण मागितलं की पुढच्या वेळी तो माणूस बोलत नाही. तिसरी, रोज सकाळी सगळ्यात नवखा माणूस सर्वांत आधी बोलेल आणि सर्वांत अनुभवी शेवटी. दादांनी आधी मत दिलं की बाकीच्यांच्या मतांना त्यांचाच वास येतो. चौथी, दिवसाचे दोन बेत आदल्या रात्री लिहून ठेवायचे: एक मनातला आणि एक पूर्णपणे ३० अंशांच्या आतला. पर्याय हातात असला की ‘नको’ म्हणणाऱ्यावर सगळ्यांचा दिवस बुडवल्याचा बोल येत नाही.

‘गेल्या वर्षी इथूनच उतरलो होतो’ या वाक्याला काही किंमत देऊ नका. गेल्या वर्षीचा बर्फ वितळून झेलमला मिळाला. दुसऱ्यांच्या रेघांचंही तसंच. स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. नऊ जण जाड भागावरून सुखरूप उतरतात आणि दहाव्याची स्की पातळ जागी, खडकाच्या कडेला, कच्च्या थरापर्यंत पोचते.

स्थानिक गाइड जरूर घ्या. त्याला दोनच प्रश्न विचारा: गेल्या तीन दिवसांत वारा कुठून होता, आणि तुमच्या पाठपिशवीत फावडं-प्रोब दाखवाल का? पहिल्याचं उत्तर अडखळत आलं किंवा दुसऱ्याचं ‘गरज नाही’ असं आलं, तर दुसरा गाइड बघा. गाइड ‘नको’ म्हणाला तर विषय संपला. तो ‘चला’ म्हणाला तरी तुमचा ‘नको’चा हक्क शाबूत राहतो.

सकाळचं काम बुलेटिनपासून सुरू होतं. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते, पूर्वी मनालीत ‘सासे’ होती ती यात विलीन झाली. इशारा जिल्ह्याचा आणि ठरावीक उंचीच्या वरचा असतो, तुमच्या उताराचा नसतो. गोंडोलावर पेट्रोलची माणसं भेटतात, त्यांच्याशी रोज बोला. जगभर धोक्याची पट्टी १ ते ५ अशी वापरतात. फसवा आकडा ३. ४ आणि ५ ला बाहेरचं चित्रच इतकं भीषण असतं की लोक आपणहून थांबतात. ३ ला ऊन असतं, बर्फ ताजा असतो आणि माणसं त्यातच सर्वाधिक मरतात. स्वित्झर्लंडचे गाइड वेर्नर मुन्टर यांचा एक सोपा हिशेब आल्प्समध्ये रुजला: २ असेल तर ४० अंशांच्या आत, ३ असेल तर ३५ च्या आत, ४ असेल तर ३० च्या आत, ५ असेल तर घरी. आपल्याकडे इशाऱ्यांचं जाळं आल्प्सइतकं दाट नाही, म्हणून अंशांच्या प्रत्येक आकड्यातून आणखी ५ वजा करा असा आमचा आग्रह आहे. कोन मोजायचा तो उतारावरच्या सर्वांत तीव्र जागेचा.

वर गेल्यावर डोंगर स्वतः बोलतो. आजूबाजूला ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं ही सगळ्यात मोठी खूण, आणि तीच दुर्लक्षित होते, कारण तिथे आपल्याला जायचं नसतं. पण तोंड त्याच दिशेला आणि उंची तीच असेल तर तुमच्या उताराचा पायाही तोच आहे. स्कीच्या टोकापासून काचेला जावी तशी भेग धावली, किंवा पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज होऊन बर्फ किंचित खचला, तर कच्चा थर तुमच्या वजनाने मोडला आहे. त्यावर चर्चा नको, आल्या वाटेने सपाटीवर या. चोवीस तासांत ३० सेंटीमीटरच्या वर नवा बर्फ, जोराचा वारा, अचानक वाढलेली ऊब, बर्फावर पाऊस, यांतलं काही असेल तर दुसरा बेत काढा.

खड्डा खणून थर बघणं उपयोगी आहे, पण त्याचा अर्थ नीट घ्या. उतारावर आडवा ९० सेंटीमीटर रुंद आणि वरच्या बाजूला ३० सेंटीमीटर खोल असा खांब मागून-बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १० थापा, कोपरातून १०, खांद्यातून १०. भेग एका थापेत सबंध ९० सेंटीमीटर आरपार गेली तर हा उतार बंद. गेली नाही, तर तुम्ही एका जागेची परीक्षा घेतलीत एवढंच. खड्डा ‘नको’ म्हणू शकतो, ‘हो’ म्हणायचा अधिकार त्याला नाही.

चालताना आणि उतरताना गट चार-पाच जणांचा चांगला. तिघांपेक्षा कमी असले तर शोधायला आणि खणायला हात पुरत नाहीत, सहाच्या वर गेलं की बोलणं पोचत नाही आणि थांबायला सुरक्षित जागा मिळत नाहीत. दहा जण आलात तर दोन गट करा, दोघांचे प्रमुख वेगळे. चढण धारेवरून घ्यावी, पोटातून नको. ३० च्या वरचा तुकडा ओलांडायचाच असेल तर दोघांत निदान १० मीटर अंतर. उतरताना मात्र एका वेळी एकच, बाकीचे त्याच्याकडे बघत. फोटो काढत नाही, बघत. तो सुरक्षित जागी पोचून हात वर करेपर्यंत दुसरा निघत नाही. सुरक्षित जागा म्हणजे धारेवर, बाजूच्या दाट झाडीत किंवा उताराच्या पोहोचेबाहेर. उताराच्या बरोबर खाली गोळा होऊन वर बघत उभं राहणं ही नेहमीची चूक आहे, सुटलेली स्लॅब तिथेच येऊन थांबते. खाली घळ, नाला किंवा कडा असलेला उतार लहान असला तरी टाळा. सपाटीवर पसरली तर गुडघाभर जाडीची राहणारी स्लॅब घळीत तीन मीटर साठते.

सामानाचं थोडक्यात. प्रत्येकाकडे तीन अँटेनांचा डिजिटल ट्रान्सीव्हर, किमान २४० सेंटीमीटरचा प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडं. हे फावडं आपल्या बांधकामावरच्या फावड्यासारखं खाली ओढायचं नसतं, सरळ दांड्याचं, पुढे खुपसायचं असतं. प्लास्टिकचं पातं दगडासारख्या बर्फावरून उसळतं. ‘तिघांत एक फावडं पुरे’ हे गणित चुकीचं, कारण फावडं ज्याच्या पाठीवर आहे तोच गाडला जाऊ शकतो. गुलमर्गला भाड्याने मिळतं, पण घेताना प्रोब हवेत फेकून कुलूप बसतं का ते बघा, फावडं जोडून खेचून बघा, ट्रान्सीव्हरचं बॅटरीचं झाकण उघडून हिरवट डाग आहेत का ते बघा. बॅटरी नवी अल्कलाइन, चार्ज होणारी नको, कारण तिचा उरलेला आकडा यंत्राला नीट कळत नाही. स्वतःचा ट्रान्सीव्हर असेल तर घरी आल्यावर बॅटरी काढून ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात आत राहिलेली बॅटरी गळते आणि जानेवारीत कळतं.

ट्रान्सीव्हर सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी एकमेकांना ऐकू येतात. तो पट्ट्यासकट अंगावर, बाहेरच्या जॅकेटच्या आत, हॉटेलमधून निघताना चालू आणि परतल्यावरच बंद. मोबाइल, कॅमेरा, गरम होणारे हातमोजे, स्मार्ट घड्याळ हे त्याच्यापासून पाठवण्याच्या स्थितीत २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब. जॅकेटच्या खिशातलं चुंबकाचं बटणही त्याला त्रास देतं. निघताना प्रमुखाने आपला शोधावर ठेवून एकेकाला समोरून जाऊ द्यावं, मग आपला पाठवण्यावर टाकून शेवटच्याकडून स्वतःचा तपासून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बंद राहिलेला ट्रान्सीव्हर असाच सापडतो.

संपर्काच्या दोन गोष्टी पुण्यातच उरकायच्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आणि परदेशातल्या नातेवाइकाने दिलेलं सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय बॅगेत टाकू नका. आपल्या कायद्याने ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. गटात बोलायला परवाना न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले लहान वॉकीटॉकी घ्या.

स्लॅब सुटलीच तर? पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर दहांत नऊ वाचतात. अर्ध्या तासापुढे गेलं की तिघांत एखादा. एवढ्या वेळात बाहेरून कुणी पोचत नाही, जे पोचतील ते उतारावर उभे असलेले तुम्हीच.

पहिल्यांदा माणूस शेवटचा जिथे दिसला त्या जागेवर नजर खिळवा आणि मोठ्याने सांगा. एकाने सूत्रं हातात घ्यावीत: वरून आणखी काही येण्यासारखं आहे का, किती जण बेपत्ता, कोण शोधणार. बाकी सगळ्यांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचे. एकही पाठवत राहिला तर शोधणारा जिवंत उभ्या माणसाकडे धावतो, आणि हे फार वेळा घडतं. माणसं पुरेशी असतील तर एकजण ११२ लावेल, दोघंच असाल तर आधी शोध.

शेवटच्या दिसलेल्या जागेपासून खाली शोधत जायचं. एकटे असाल तर नागमोडी, दोन वळणांत ४० मीटर आणि कडेपासून २० मीटर. जाता जाता डोळ्यांनी बर्फावर बघा: हातमोजा, पोल, स्कीचं टोक दिसलं तर ओढून बघा, त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असू शकतो. सिग्नल मिळाला की बाणाच्या मागे जा. वाट वळणाची असते, कारण यंत्र चुंबकीय रेषेच्या वळणावरून नेतं, आणि पडद्यावरचा आकडा सरळ रेषेतलं अंतर नसतो. आकडा वाढायला लागला तर पाठ फिरवा. १० च्या आत आल्यावर वेग कमी करा. ३ वर गुडघे टेका, यंत्र बर्फाला जवळजवळ चिकटवा आणि आता ते वळवू नका, फिरवू नका. सरळ पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे, अधिकच्या चिन्हासारखं. इथे घाई केली की यंत्र गोंधळतं आणि दोन मिनिटं जातात. सगळ्यात लहान आकडा जिथे मिळेल तिथे फावडं रोवा.

प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घाला, आकाशाकडे सरळ उभा नाही. लागला नाही तर २५ सेंटीमीटर अंतराने गोलगोल बाहेर सरका. माणसाला लागलेला प्रोब किंचित दबून परत येतो, दगडाला लागलेला टणकन थांबतो. लागला की प्रोब काढायचा नाही, तोच आता पत्ता.

खरा वेळ जातो तो खणण्यात. सुटलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. एक मीटर खोल माणसापर्यंत जायचं तर दीडेक घनमीटर बर्फ हलवावा लागतो, घनमीटरला ४०० किलो धरले तरी ६०० किलो, म्हणजे सिमेंटची बारा पोती. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून विहिरीसारखं सरळ खाली खणू नका. माणूस पायाखाली दाबला जातो आणि काढलेला बर्फ परत आत पडतो. प्रोबवर खोली बघा, तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आत शिरा. एकजण पुढे विटा कापल्यासारखे ठोकळे कापेल, मागचे दोघे होडी वल्हवल्यासारखा बर्फ मागे सारतील, उचलून फेकणार नाहीत. पुढचा माणूस दमायच्या आधी, दर दोन मिनिटांनी बदला. ‘मी अजून दमलो नाही’ हे ऐकायचं नाही.

सगळ्यात आधी चेहरा मोकळा करा. तोंडात-नाकात बर्फ आहे का आणि समोर हवेची पोकळी होती का ते बघा, मग छाती मोकळी करा. श्वास नसेल तर आधी पाच श्वास तोंडाने द्या आणि मग छाती दाबायला घ्या, कारण इथे हृदय बहुधा प्राणवायू न मिळाल्याने थांबलेलं असतं. बराच वेळ गाडलेल्या माणसाला अगदी हळुवार, आडवाच ठेवून हलवा. थंडगार पडलेल्या हृदयाला धक्का सोसत नाही.

हे सगळं वाचून येत नाही, आणि सरावाला बर्फ लागतो असंही नाही. ट्रान्सीव्हर चालू करून स्टीलऐवजी प्लास्टिकच्या डब्यात घाला, डबा गोणपाटात गुंडाळा आणि वेताळ टेकडीवर सुक्या पाल्याखाली लपवा. टेकडी खणू नका, पाला पुरतो. विजेच्या तारांपासून लांब रहा, आकडे उड्या मारायला लागतात. ५० बाय ५० मीटरची जागा, घड्याळ लावून. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं लागतात, चारच्या आत यायला हवं. खणायचा सराव एखाद्या बांधकामावर परवानगी घेऊन ओल्या वाळूच्या ढिगात करा, दहा मिनिटं न थांबता, तिघांनी फिरत. वाळू बर्फापेक्षा जड असते, तेवढाच फायदा.

आणि शेवटचे दोन रविवार एक फेरफार करा. डब्यात ट्रान्सीव्हर दादांचा ठेवा आणि दादांना बाजूला बसवा, एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. सूत्रं ग्रुपमधल्या सगळ्यात नवख्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात. कोण शोधणार, कोण प्रोब जोडणार, कोण ११२ लावणार हे त्याने मोठ्या आवाजात, नाव घेऊन सांगायचं, वयाने मोठ्यांनाही. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, ‘तुम्ही जरा तिकडे बघता का’ असं काहीतरी निघतं. तो ‘काका, ट्रान्सीव्हर शोधावर टाका, आत्ता!’ म्हणायला लागेपर्यंत सराव चालू ठेवा.